चौथा अल्बम, दुसरी बाजू

प्रिय बाबा,

तुझं पत्र मिळालं. डाव्या हातानं लिहिलंय, अक्षर समजून घे, असं तू वरच लिहिलंयस. उजवा हात धड होता तेव्हाही तुझं अक्षर आम्हीच समजून घ्यायचो, त्यामुळे काही अडलं नाही. शनिवारी दवाखान्यातून सोडणार आहेत, ठोक्याला आठवण कर, हे मात्र तू दोनदा लिहिलंस. माझ्या भावाला आठवण करावी लागत नाही. तुला झटका आला, उजवी बाजू गेली हे कळलं त्या दिवसापासून तो कामाला लागला होता. खालची खोली रिकामी केली. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसवली आणि स्वतः तिला लोंबकळून बघितलं. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन तुझ्या चाकाच्या खुर्चीसाठी उंबरे तासत बसायचं. वहिनी म्हणालीसुद्धा, "सासरे येतायत की नवरी?" मी नाक मुरडलं, तर त्यानं हातांनी मला गप्प केलं. त्याचे हात बोलायला लागले की माझं तोंड चालत नाही, हे तुला माहीत नसेल. तू त्याची हातांची भाषा शिकलाच नाहीस.

मग एके दिवशी त्यानं मला बोलावून घेतलं. म्हणाला, बाबा घरात येतील, समोर बसतील, मी त्यांच्याशी बोलणार काय? त्यांनी जन्मभर काय केलं तेच मला ठाऊक नाही. तू ऐक आणि मला सांग. बँडमधलं नको, तिथं पाच डोकी होती. फक्त त्यांचं स्वतःचं, आणि त्यांनी दुसऱ्यांबरोबर जोडीनं केलेलं.

आईनं तुझी एकही तबकडी घरात येऊ दिली नव्हती, आणि ती गेल्यावर मला कधी हौस झाली नाही. पण ऐकून हातांनी सांगणं हा माझा धंदाच आहे. कोर्टात बहिऱ्या माणसाशेजारी उभं राहून मी शपथ घेते की पदरचं घालणार नाही आणि ऐकलेलं गाळणार नाही. भावाला नाही कसं म्हणायचं? ठोक्यानं कुठल्याशा जुन्या दुकानातून तुझ्या सगळ्या तबकड्या जमवल्या, एक प्लेअर आणला, आणि आम्ही दर रविवारी दुपारी बसायला लागलो. तो स्पीकरच्या लाकडावर तळहात ठेवायचा आणि नजर माझ्या हातांवर. वहिनी दार लोटून घ्यायची, कारण तुझं संगीत तिला सोसत नाही. तिच्या मते एका गाण्यात माणसाचा स्वयंपाक उरकतो, पण गाणं उरकत नाही.

पहिला अल्बम तू बँड सोडल्यावर रागानं केलेला. ना गिटार, ना गायक, सगळं एकट्यानं, ऑर्गनवर एकावर एक थर चढवून. मी ठोक्याला सांगितलं, यात बाबा आठ जणांचं काम करतात आणि आठांपैकी एकही दुसऱ्याचं ऐकत नाही. तो पोट धरून हसला. पुढच्यात तू शंभर माणसांचा गायकवृंद उभा केलास आणि त्यांना एकही शब्द दिला नाहीस, नुसता आ. तिसरा त्या बासरीवाल्याबरोबरचा. तो मात्र मला आवडला, खोटं कशाला बोलू? बासरी दमली की तू खाली हळूच एक सूर धरून ठेवतोस, ती परत येईपर्यंत. मी ते ठोक्याला समजावायला एका हातावर दुसरा हात झोपवून दाखवला. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, बघ, उगाच शिव्या देतेस त्यांना. मला त्या दिवशी तुझा हेवा वाटला, बाबा. माझ्या भावानं माझ्यासाठी कधी डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं.

तुला माहीत आहे का, तो सगळ्यांना काय सांगत आला? शाळेत, लॅबमध्ये, लग्न ठरताना वहिनीला, सगळ्यांना अभिमानानं एकच: "मला शेवटचं जे ऐकू आलं ते माझ्या वडिलांचं वाजवणं." सहा वर्षांचं पोर तापानं बहिरं झालं, आणि त्यानं त्या दुर्दैवातून हेच एक उचलून जपलं.

त्यानंतर आला चौथा. पेटीतून काढला तेव्हाच ठोक्या सावरून बसला, कारण तुझं नाव झालं ते याच्यावर. पहिली बाजू ठीक होती. दुसऱ्या बाजूवर एकच लांब रचना. सुरुवातीला नुसता ऑर्गन, खालच्या पट्टीत, श्वासासारखा. मग त्याच्या आतून एक बारीक आवाज येतो. पोराचा. कण्हतोय, आणि कण्हता कण्हता बोलतोय. टीकाकारांनी त्या आवाजावर किती लिहिलंय ते मी नंतर वाचलं. कुणाला तो आत्म्याचा हुंकार वाटला, कुणाला हरवलेलं बालपण. बाबा, तो माझा धाकटा भाऊ होता. त्या आवाजाला मी मांडीवर झोपवलंय. इतक्या वर्षांनी तो दिवाणखान्यात बोलायला लागला आणि माझे हात हवेत तसेच राहिले.

तो म्हणतो, "बाबा, थांबलास का?" ऑर्गन चालू आहे. "बाबा, वाजव ना." ऑर्गन चालूच आहे. मग जरा मोठ्यानं, घाबरून, "वाजव ना रे, थांबलास का?" आणि तिथं ड्रम्स सुरू होतात.

म्हणजे ठोक्याचे कान गेले तो क्षण तुझ्याकडे टेपवर होता. तू तो ऐकलास, कापून बरोबर जागी बसवलास आणि अल्बमला नाव दिलंस "थांबलास का?" तुझे चाहते कार्यक्रम संपल्यावर हेच ओरडायचे ना, तू परत रंगमंचावर यावंस म्हणून? हजार माणसं एका सुरात. आणि तू हसत परत यायचास.

मला खोटं बोलता आलं असतं. ठोक्याला कळायचं काहीच साधन नव्हतं. एक बाई गातेय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तो माझा चेहरा वाचत होता, आणि चेहऱ्याला माझ्यासारखी शपथ घालावी लागत नाही. त्यानं विचारलं, कोण आहे? मी सांगितलं. त्यानं स्पीकरवरचा हात काढला नाही. म्हणाला, परत लाव. मी परत लावलं. मग त्यानं विचारलं, मी काय बोलतोय? मी शब्दाला शब्द सांगितलं. त्यानं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं आणि दोन्ही तळहात टेकले, जणू आत कुणी अडकलंय आणि त्याला बाहेरून धीर द्यायचाय. वहिनी चहा घेऊन आली आणि तशीच परत गेली.

तरी त्या दिवशी तो तुझीच बाजू घेत होता. म्हणाला, कदाचित बाबांना कळलं नसेल. ताप सकाळी एकाएकी चढला, दवाखान्यात नेईपर्यंत कान गेले होते, असं त्यांनी सांगितलं होतं ना? टेप अशीच चालू राहिली असेल. म्हणून मी तुझ्या ड्रमरला शोधून काढलं. म्हातारा झालाय, मुलीकडे राहतो, आता स्वतःलाच कमी ऐकू येतं. मी कोण हे सांगितल्यावर त्यानं मला आत घेतलं आणि गुडघे चोळत चोळत बोलायला लागला. "तुझी आई तुला घेऊन तिच्या आजारी वडिलांकडे गेली होती," म्हणाला. "पोराला आदल्या दिवसापासूनच ताप होता. मान वळवता येत नव्हती. उजेड नको म्हणत होतं. तुझ्या बापानं त्याला स्टुडिओतल्या कोचावर आणून झोपवलं, डोळ्यांसमोर राहील म्हणून. आम्ही म्हटलं, दवाखान्यात ने. तो म्हणाला, एवढा एक टेक रेकॉर्ड होऊ दे. जेवणानंतर परत म्हटलं. परत तेच, एवढा एक होऊ दे." मी विचारलं, आणि तुम्ही? म्हातारा म्हणाला, "मी काठ्या उचलल्या आणि वाजवलं, बाई."

मी निघताना त्यानं दारात आणखी एक सांगितलं. ज्या टेकसाठी तू पोराला थांबवून ठेवलंस, त्यातला पोराचा आवाज तेवढा कापून घेतलात, बाकी तो तुम्ही वापरलाच नाही. त्यात तुझा एक सूर चुकला होता.

हे सगळं मी ठोक्याला जसंच्या तसं सांगितलं, ड्रमरच्या गुडघे चोळण्यासकट. तो दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेला आणि एका बाईची कवळी इतकी अप्रतिम केली की ती आरशासमोरून हलेना, असं वहिनी सांगत होती. मी मात्र आईचा विचार करत होते. "तू गेली नसतीस तर हे झालं नसतं," हे तू तिला सांगितलंस. एकदा नाही, प्रत्येक भांडणात. ती मान खाली घालून ऐकायची, कारण ती खरोखरच गेली होती ना. बापाच्या उशाशी बसायला गेलेली बाई जन्मभर मुलाची गुन्हेगार म्हणून जगली आणि तशीच मेली. शेवटच्या आजारात ती ठोक्याचा कान कुरवाळायची. नर्सला वाटायचं, म्हातारीला भ्रम झालाय. तू तेव्हा कुठल्याशा गिटारवाल्याबरोबर दौऱ्यावर होतास. त्या जोडीचा अल्बमही मी ऐकला. छान आहे. तुम्ही दोघं एकमेकांना किती जपता त्यात!

राहिलेलेही सगळे ऐकले, सांगितलेलं काम मी अर्धवट टाकत नाही. नुसत्या पियानोचा तो शेवटचा, जो कुणी घेतला नाही, तोही. तुला माझं मत हवं असेल. झटका येण्याआधी प्रत्येक मुलाखतीत तू म्हणायचास की घरच्यांनी कधी माझं संगीत ऐकलं नाही. तर घे. पहिला दिखाऊ. दुसरा पोकळ. बासरीवाल्याबरोबरचा सुंदर, कारण त्यात बासरीवाला आहे. बाकीचे तुझ्या पायांचे ठसे, एकाच अंगणात गोल गोल. आणि चौथा थोर. मला तो टाकाऊ निघायला हवा होता, फार हवा होता. पण त्या जागी ड्रम्स येतात तेव्हा माझ्याही अंगावर काटा येतो, दर वेळी. एवढं हरामखोर काम एवढं सुंदर करता येतं, हे मला तुझ्याकडून शिकावं लागलं.

आता मुद्द्याचं. हे पत्र मी माझ्या मनानं लिहीत नाहीये, ठोक्यानं लिहायला लावलंय आणि तो समोर बसून एकेक ओळ वाचतोय. मी म्हटलं फोन करते. नको म्हणाला. फोनवर बाबा रडतील आणि तू विरघळशील. कागदावर त्यांचा आवाज येत नाही. तर शनिवारी तू कपडे घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसशील, तेव्हा दाराकडे बघू नकोस. ठोक्या येणार नाही. मीही येणार नाही. दवाखान्यातली समाजसेविका तुला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात पोचवेल. तिच्याशी त्याचं बोलणं झालंय, मीच मध्ये बसून हातांचं तोंडानं केलं. माणसं बरी आहेत, जेवण वेळेवर देतात. खालच्या खोलीत आता वहिनी शिवणाचं मशीन मांडणार आहे. तुला उत्तर लिहायचं असेल तर लिही, मी ते ठोक्याला देईन. तो उघडेलच असं नाही.

तुझीच, नाइलाजानं,
थोरली