केसमेंटपाशी कोण आहे

बाबा,

तुम्हाला अर्धांगवायू झाला तेव्हा मी अकरावीत होते. पालघरच्या दवाखान्यातून सालवडच्या खोलीवर परत आलात तेव्हा तोंड जरा वाकडं झालं होतं आणि मराठी पार गेली होती. उरली ती इंग्रजी. तीही कारखान्यातली नव्हे, रद्दीतून आणलेल्या जाडजूड, जुन्या कादंबऱ्यांतून तुम्ही एकट्याने शिकलेली. कारखान्यातले सोबती पूर्वी हसायचे, "ये तो पुराना अंग्रेज है." आता तुम्ही औषधाला ‘फिजिक’ म्हणायचात, जेवणाला ‘व्हिक्चुअल्स’, आईला ‘मॅडम’. आई तोंडाला पदर लावून आत जायची आणि मी डिक्शनरी घेऊन तुमच्या उशाशी बसायचे. बऱ्याच शब्दांपुढे ‘जुना प्रयोग’ असं छापलेलं असायचं.

मासळी विकायला येणारी मावशी एकदा दारातच थबकली. "बाय, यांच्या आंगात कोनी मेलेला सायेब आलाय. ह्यो आवाज यांचा नाय." मला हसू आलं नाही. आवाज खरंच बदलला होता. सावकाश, अदबीचा, आपल्या घरात कुणी कधी न बोललेला.

मग एका दुपारी तुम्ही विचारलंत, "हू स्टँड्स ॲट द केसमेंट?" केसमेंट म्हणजे बिजागरीची खिडकी. मला अर्थ सापडेपर्यंत तुम्ही तिच्याकडे पाहून मान लववली होती. बाहेर वाळत घातलेले कपडे आणि पलीकडे कारखान्याची भिंत, एवढंच. त्यानंतर रोज दुपारी तुम्ही तिकडे बघून आर्जव करायचात, "प्रे, सर, एंटर." आत या. मी खिडकी लावून घेतली तर रडलात, म्हणून पुन्हा उघडली.

श्रावणातल्या एका दुपारी तुम्ही खिडकीकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यामागे पाहून हसलात आणि म्हणालात, "बी सीटेड, सर."

"काय म्हणतायत गं?" आईने विचारलं.

"बसा म्हणतायत."

ती माझ्या शेजारी बसायला आली, मधेच थांबली आणि एका माणसाची जागा सोडून पलीकडे बसली. का, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. दिवेलागणीच्या आत तुम्ही गेलात.

आता आईही नाही. मी बोईसरच्या शाळेत इंग्रजी शिकवते. तुमचा आवाज अजून स्वच्छ ऐकू येतो, पण त्या दिवसांतलाच. लहानपणी मला कोणत्या लाडाच्या नावाने हाक मारायचात ते आठवतं. त्या हाकेतला आवाज आठवत नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिते. तुम्ही मराठीत बोललात, तर मी तुम्हाला ओळखेन की नाही, मला ठाऊक नाही.