चालू ठेवलेला पंखा

नाना, उद्या सकाळी माझा मसुदा मुंबईला जाणार आहे आणि तो आधी तुम्हाला वाचून दाखवावा असं दुपारपासून वाटतंय. शेतीपंपांची वीज कशी वाचवावी, यावर सरकारला सल्ला द्यायचा हे माझं काम. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर घाम गाळून तुम्ही वीज केलीत, आणि ती जपून वापरा असं सांगायचा मला पगार मिळतो. हसा खुशाल.

नववीतली ती पावसाळी दुपार मला लख्ख आठवते. आई सिन्नरला मामाकडे गेलेली, मी शाळेत, आणि तुम्ही पहिली पाळी संपवून क्वार्टरवर येता तो कुलूपबंद घरात पंखा गरगर फिरतोय. गुपचूप बंद करतील तर ते नाना कसले! कोळशाने काळवंडलेल्या खाकी शर्टातच तुम्ही शाळेत येता, बाईंची परवानगी काढता आणि मला चालवत घरी आणता. ‘‘कर बंद. तुझ्या हातानं कर.’’ मी बटण दाबते. ‘‘तिकडं माणसं भट्टीपुढं भाजून निघतात, अन् तू इथं रिकाम्या घराला वारा घालते!’’ मग मला परत शाळेत सोडलंत. पुढे वर्षभर कॉलनीत भेटेल त्याला तुम्ही हे सांगत होतात. मीही माझ्या प्रत्येक भाषणाची सुरुवात याच गोष्टीने करत आले.

आता मसुद्याचं. शेतकरी पंपाला ऑटो लावतात. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. गावातले सगळे पंप एकदम सुरू झाले की डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि रान भरून पाणी बांधावरून वाहिलं तरी पंप थांबत नाही. आमचे साहेब म्हणाले, ‘‘ऑटो काढा, नाहीतर दंड. एवढंच लिहा.’’ मी लिहिलंही होतं. मग गेल्या आठवड्यात सिन्नरकडच्या एका बाईंच्या मळ्यात गेले आणि विचारलं, ऑटो का लावलाय? कांद्याच्या वाफ्यातून मान वर न करता त्या म्हणाल्या, ‘‘लाइट कधी येईल त्याचा काही नेम हाय का, ताई? ऑटो काढते ना. मग रातच्याला बॅटरी घेऊन बटण दाबायला तुमी येणार का?’’

इतकी वर्षं मी उपदेश करत होते, पण ‘का’ हे कुणाला विचारलं नव्हतं. परत येऊन दंडाचं कलम खोडलं. दिवसा, ठरलेल्या वेळी वीज द्या; मगच ऑटो काढायला सांगा, असं पहिल्याच पानावर लिहिलंय. साहेब चिडलेत. मसुदा परत आला तर पुन्हा हेच लिहीन, बदली केली तरी. हा हट्ट तुमचाच आहे.

तुम्ही गेल्यावर आता हे पत्र कुठे पाठवणार? मसुद्याच्याच फाइलमध्ये राहील. पण एक सांगायचं राहिलंय, नाना. त्या दिवशी मी पंखा विसरले नव्हते. तुमचा दुसरा खाकी शर्ट धुऊन दाराआड खुंटीला लावला होता. पावसात वाळेना, म्हणून पंखा चालू ठेवला होता. तुम्ही विचारलं नाहीत, मीही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पावसाला शिव्या देत तुम्ही तो ओलाच अंगात घालून पाळीवर गेलात.