येसर : तेर ते मस्कत

११ ऑगस्ट
दैवशाला जाऊन आज तीन महिने. तिचा तेरमधला येसराचा, आमटीच्या भाजक्या मसाल्याचा, गृहउद्योग बंद पडू द्यायचा नाही, असं ठरवलं.
लेकीचा, सोनालीचा, मस्कतहून फोन. तिच्या घरी तिच्या कंपनीच्या मालकांनी येसराची आमटी खाल्ली. त्यांना जॉइंट व्हेंचर करायचं आहे. कारखाना त्यांचा, पद्धत आपली, नाव 'दैवशाला'च. आपल्याकडं रान बटईनं, अर्ध्या वाट्यानं, लावतात तसंच. मी हो म्हणालो. पद्धत पाठ आहे. संसाराची पस्तीस वर्षं ती समोर करत होती. मी पेपर वाचत असे, पण समोरच.

१४ ऑगस्ट, सकाळी ७
पाचला उठायचं होतं. वाचनालयातून परदेशी गुंतवणुकीवरचं पुस्तक आणलंय. त्यात लिहिलंय की पद्धत हीसुद्धा गुंतवणूक असते. तिथवर वाचलं. पुढं गरज वाटली नाही.
मस्कतला नमुना हवाय. दैवशालेच्या हातचं येसर अर्धा डबा उरलंय. त्यातलं पाव किलो पाठवलं. तात्पुरतं. माझं झालं की तेवढं परत डब्यात भरायचं.

२३ ऑगस्ट
पहिला प्रयत्न. गॅस मोठा होता. शिवाय ज्वारी नवी.
धुरपदाबाई आल्या. दैवशालेकडं बारा वर्षं भाजायला होत्या. म्हणाल्या, भाऊ, ज्वारी आन धने एकाच कढईत घातले व्हय? म्हणालो, कारखान्यात असंच करतात. म्हणाल्या, मंग कढई बी कारखान्यालाच घासाया सांगा.
यापुढं तांत्रिक बाबतीत त्यांच्याशी बोलायचं नाही.

५ सप्टेंबर
लॅबसाठी दुसरा नमुना मागितला. डब्यातूनच दिला. सोनालीनं विचारलं, अण्णा, तुम्हीच केलं ना? हो म्हणालो. खोटं नाही. पाकीट मीच केलं.

६ सप्टेंबर
दुसरा प्रयत्न. कुत्र्यानं हुंगलं आणि निघून गेलं. त्याचं पोट भरलेलं असावं.

१९ सप्टेंबर
पद्धत लेखी पाहिजे. बसलो. ज्वारी, अंदाजानं. हरभरा डाळ, अंदाजानं. धने, अंदाजानं. दगडफूल, किंचित. सुबक अक्षरात अर्धं पान झालं.
शेवटी धुरपदाबाईंना विचारलं. म्हणाल्या, भाजायचं मला ठावं हाय. मिसळायच्या मातुर त्याच, वास घिऊन. कुनी इचारलं तर सांगंन म्हनायच्या.
कुणी विचारलं का, हे मी विचारलं नाही.

२ ऑक्टोबर
किती दिवस टिकतं ते बघायला तिसरा नमुना. चमच्यानं डब्याचा तळ खरवडला. पुढचा प्रयत्न दसऱ्यानंतर, शांत डोक्यानं.

१७ ऑक्टोबर
नमुना मंजूर. सोनाली फोनवर रडली. म्हणाली, अण्णा, अगदी आईच्या हातासारखं जमलंय. आता तुम्ही इकडंच या, कारखान्यातल्या लोकांना शिकवायला.
कराराचा मसुदा आला. एक ओळ आहे : भारतीय भागीदाराची गुंतवणूक. पुढं जागा मोकळी. पेन उघडून बसलो होतो. चहा गार झाला.

१८ ऑक्टोबर
डबा जागेवर नव्हता. धुरपदाबाईंनी रिकामा दिसला म्हणून घासून उन्हात ठेवला होता. नाक घालून बघितलं. साबणाचा वास. त्या म्हणाल्या, काय हरवलं का भाऊ? नाही म्हणालो.

१९ ऑक्टोबर
सोनालीला सांगितलं. ते माझं नव्हतं, आईचंच होतं, संपलं. मालकांना ती कळवणार आहे.
मग म्हणाली, लॅबमधून थोडं परत आलंय, दोन चमचे असेल. पाठवू का?
म्हणालो, नको. तुझ्याकडंच ठेव. झाकण घट्ट लाव.
म्हणजे कंपनीचा सगळा माल आता परदेशात आहे.