हिरवा पट्टा

६ मार्च १९६६, पांढरकवडा

उत्तमसिंगले आज पुन्हा नापास केलं. तिसऱ्यांदा!

पांढरा, पिवळा, नारिंगी — ज्युदोचे हे तीन पट्टे त्यानं दोन वर्षांत माझ्यापाशी घेतले. आता हिरवा. मंग निळा, माझ्यासारखा तपकिरी, अन् शेवटी काळा. हिरव्यासाठी आठ फेकी दाखवा, पडणं दाखवा, वरून तिघांसंग लागोपाठ लढत. त्यानं तिघायले आपटलं! अन् दर वेळी बाही धरून ठेवली, का समोरच्याचं डोकं जमिनीवर आदळू नये. चूक एक नाही. म्या म्हटलं, "नमस्कारात कंबर पुरी वाकली नाही. जा!"

तांड्यावरचा पोट्टा, ट्रकवर क्लीनर. पुन्हा वाकला — पुरा. मले मजा वाटली.

२० मार्च

एवढी घाई काहून, ते समजलं. पोलिसात ज्युदोवाल्याची एक जागा हाय. हिरव्या पट्ट्याचा कागद लागते — गुरूची सही, नागपूरच्या ज्युदो संघाचा शिक्का. तीस जूनले त्याले पंचवीस पुरे होते, मंग भरती बंद. त्या कागदाचा फॉर्म घेऊन आला होता. म्या वाचला अन् गादीखाली टाकला.

१० एप्रिल

चौथी परीक्षा. फेकीचं जपानी नाव विचारलं. बरोबर सांगतलं. म्हटलं, "आवाज बारीक!" नापास.

१५ मे

त्याची माय आलती, हंसाबाई. भर उन्हात, पायी. "मास्तर, लेकाचं काय चुकते थे तरी सांगा. मी मारीन त्याले."

हसू दाबलं. म्हटलं, "बाई, रक्तातच नाही त्याच्या."

उंबऱ्यावरच बसली बिचारी. म्या पाणी बी विचारलं नाही.

२९ जून

शेवटची परीक्षा. या वेळी त्याच्यासमोर मीच उभा राह्यलो — पाहू म्हटलं! त्यानं मले असं उचललं का छत दिसलं, अन् लेकरावानी अलगद खाली ठेवलं. बाही शेवटपर्यंत सोडली नाही. लोकं टाळ्या वाजवून राह्यले होते. जळून खाक झालो मी. उठलो, कपडे झटकले.

"नापास."

थो वाकला अन् गेला.

१ जुलै

थो फॉर्म चुलीत टाकला. खाली लिहिलं होतं — परीक्षकानं स्वतः परीक्षा कुठं दिली, दाखल्याचा नंबर काय. कुठला नंबर लिहू बाप्पा? पलटणीत मी लंगरात भांडे घासत होतो. जवानायले ज्युदो शिकवत, थे दारातून पाहू पाहू शिकलो. हा तपकिरी पट्टा एका सुभेदाराच्या दोरीवरून उचलून आणला. परीक्षा म्या कधी दिलीच नाही.

३ जुलै

उत्तमसिंग आलता. नव्या लोकायले पडणं शिकवत होता. एकानं विचारलं, इथं पट्टा लवकर भेटते का?

म्हणे, "नाही. आपले मास्तर खोटा पट्टा कोणाले देत नाहीत."