वाघबारशीला भुऱ्या

वैशाखरे, वाघबारस, २००३

नेलंच आज भुऱ्याला. दरवर्षी गुरांमागे वाघदेवापर्यंत जाणारा कुत्रा यंदा घरी का बसेल? शहापूरचे डॉक्टर म्हणाले, मणक्याचा आजार आहे, मागचे पाय परत येणार नाहीत, पण दुखत नाही. दुखत नाही! मग माझे दीर, नामाभावोजी, रोज कशाला म्हणतात, "वयनी, सोडा त्याला घाटात"?

आधी गोणपाटाची झोळी केली, तिनं पोट सोललं. चूक माझीच. आता जुनी सुती साडी पोटाखालून घेऊन मागचा भाग उचलून धरते. पुढच्या पायांवर चालतो.

वाघदेवापुढे दरसाल कुणीतरी वाघाचं सोंग घेतं; यंदा वाघ झाले होते भावोजीच, अंगावर चुन्याचे पट्टे ओढून. रीतीप्रमाणे सगळ्यांनी दटावलं, "आमच्या शिवारात येशील का?"

"नाय येनार!"

भुऱ्या साडीत लटकून असा भुंकला की वाघ दोन पावलं मागे सरला. माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. ओरडले, "आमच्या भुऱ्याच्या वाटेला जाशील का?"

सगळा गाव बघत होता. वाघाला या दिवशी एकच उत्तर असतं.

"नाय जानार."

साडी धुऊन वाळत टाकलीय. सकाळी लागेल.