पंप हवा ओढतोय

१४ ऑक्टो.
सोसायटीचा पोहण्याचा तलाव बंद, तिसरा दिवस. पंप पाण्यासोबत हवा ओढतोय. तलावात नुसते बुडबुडे, गाळण थांबलंय, पाणी हिरवट. ह्यांचं चालणंही बंद. अर्धांगाच्या झटक्यानंतर जमिनीवर चार पावलं मुश्कील, पण छातीभर पाण्यात पंपवाल्या गजाननचा हात धरून रोज वीस फेऱ्या व्हायच्या. आता दिवसभर खिडकीत. चिडचिड माझ्यावर.

१५ ऑक्टो.
सेक्रेटरींची ई-मेल. वय एकतीस, हिंजवडीत नोकरी, सोसायटीही तिथूनच चालवतात. दोष ज्याचा त्याला घरी पाठवणार, मग काम एजन्सीकडे. म्हणजे गजाननला नारळ. एजन्सीचा माणूस ह्यांना हात देणार आहे थोडाच.

१६ ऑक्टो.
सकाळी पंपघरात गेले. बत्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, ते कधी कामाला यायचं? हवा आत शिरते तिथून पाणी बाहेर गळत नाही, ओल शोधून काय उपयोग. पंप चालू ठेवून उदबत्ती एकेका सांध्याशी धरली. चौथ्या मजल्यावरचे आजोबा जाता जाता नमस्कार करून गेले. जाळीच्या झाकणापाशी धूर आत वळला. गजाननने पंप थांबवून रबरी रिंग उचलली. खाली खाचेत कुंकू लागलेला तांदळाचा दाणा.

अक्षता माझी. खंडेनवमीला पंपाची पूजा मीच केली. तो म्हणत होता, झाकण बसवू द्या. मी म्हटलं, राहुकाळ लागेल. विज्ञानाची बाई!

दाणा काढला, रिंग पुसून बसवली, बुडबुडे बंद. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१७ ऑक्टो.
कमिटीला सांगते म्हटलं, तर गजानन आधीच जाऊन आलेला. "मी सांगतलं, रिंग मीच नीट बसवली नाई म्हनून. तुमचं नाव कायले घ्याचं, काकू?" रागावले. मग रडू आलं, त्याच्यासमोरच.
संध्याकाळी ई-मेल: चूक कबूल केल्यामुळे ३१ तारखेपर्यंतच काम.

१९ ऑक्टो.
मीटिंग. उभी राहून सगळं सांगितलं, दाणा, पूजा, राहुकाळसुद्धा. सेक्रेटरी गोड हसले. "काकू, तुमचं मन मोठं आहे. काकांसाठी अंगावर घेताय, कळतं आम्हाला." बाकीच्यांनी माना डोलावल्या. जन्मभर पोरांच्या थापा पकडल्या, आज खरं बोलून मीच थापाडी ठरले. शेवटचा निर्णय रविवारी.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. मग म्हणाले, रविवारी मीही येतो. म्हटलं, हॉलला लिफ्ट नाही, अकरा पायऱ्या आहेत.
"गजाननला बोलाव. त्याचा हात धरून चढतो, सगळ्यांसमोर."