टाचा टेकवण्याचा चार आठवड्यांचा कार्यक्रम

३ जून, सोमवार
निवृत्तीनंतर प्रथमच माझ्या तोलाचं काम मिळालं. नात सहा वर्षांची आहे आणि चवड्यांवर चालते. ऑटिझम असलेल्या काही मुलांचं असं असतं म्हणे. मी तिला मनी म्हणतो, कारण ती मांजरासारखी आवाज न करता मागे येऊन उभी राहते. आज फिजिओथेरपिस्ट बाईंनी घोट्याचा कोन मोजला. पाऊल वरच्या बाजूला दहा अंश वळायला हवं, हिचं दोनच वळतं. पोटऱ्या आखडत चालल्यात. चार आठवडे घरी रोज व्यायाम करायचा. फरक पडला नाही तर पायांना प्लास्टर. जिला मोज्याची शिवण सहन होत नाही तिला प्लास्टर! सूनबाईचा चेहरा पडला. म्हटलं, माझ्यावर सोपव. पस्तीस वर्षं शाळेत ड्रिल घेतलंय.

४ जून, सकाळी ७
जुनी शिट्टी सापडली. तक्ता फ्रिजवर लावला. भिंतीला रेटणं, उतरत्या फळीवर उभं राहून बरणीत बटणं टाकणं, टाचांवर चालणं, अस्वलासारखं चालणं. प्रत्येकी तीस अंक मोजायचे. किरकोळ.

सकाळी ८.१०
शिट्टी मारली. मनी कानांवर हात ठेवून टेबलाखाली गेली ती पाऊण तास बाहेर आली नाही. मीही खाली बसून राहिलो. स्वतःची लाज वाटली. शिट्टी कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात ठेवली.

६ जून
नवं तंत्र (माझं): आपण करून दाखवायचं. मनी करते, पण मी करतोय तोवरच. मी अठ्ठाविसाला थांबलो की म्हणते, पुन्हा. म्हणजे एकपासून. बोलते मोजकंच, पण हा शब्द तिचा लाडका दिसतो. शिस्त आहे पोरीत. माझ्यावर गेलीये.

१२ जून
पोटऱ्यांत गोळे आलेत. माझ्या. हवा बदललीय. व्यायाम झाला नाही, पण मनाची तयारी पूर्ण होती, म्हणून तक्त्यात बरोबरची खूण केली.

१५ जून, शनिवार
स्नायूंना विश्रांती लागते. (मनीच्या.) खूण केली.

१९ जून
व्यायाम झाला. सूनबाईने विचारलं, बाबा, रोज होतंय ना सगळं? म्हटलं, तक्ता बघ की. शाळेत हजेरी आगाऊ भरून ठेवायची सवय होती, ती कामी आली. रविवारपर्यंतच्या खुणा आजच करून टाकल्या. वेळ वाचतो.

२० जून
खूण आहे तिथे व्यायाम झालेलाच हवा, हा मनीचा नियम मला कुणी सांगितला नव्हता. सकाळी हात धरून फ्रिजपुढे नेलं. आजच्या खुणेवर बोट. केलं. शुक्रवारवर बोट. समजावलं, शुक्रवार उद्या आहे. पुन्हा, म्हणाली. मग शनिवार. मग रविवार. सुटलो म्हणेपर्यंत बोट मागे सरकलं, ते थेट बारा तारखेवर. मग पंधरावर. पोरीला सगळं आठवतं! एकूण सहा वेळा. सूनबाई दारात उभी राहून बघत होती.

२१ जून
टाच टेकली की कळ मस्तकात जाते. दिवसभर चवड्यांवर फिरलो. पुढे मी, मागे मनी, आवाज कुणाचाच नाही. सूनबाई दोनदा दचकली. एक खरं सांगायचं तर चवड्यांवर फरशी गार लागत नाही. हे कुणाला बोललो नाही.

१ जुलै, सोमवार
कोन मोजला. मनी: सात! प्लास्टर तूर्तास टळलं. व्यायाम चालू ठेवा म्हणाल्या. सूनबाईला रडू आलं. मलाही आलं, समोर पंखा होता. मी बाईंना माझी पद्धत समजावून सांगत होतो, पण त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे. म्हणाल्या, आजोबा, जरा इथे बसता का? मोजलं.
माझा: एक.

२ जुलै
फ्रिजवर दुसरा तक्ता लागलाय. माझा. खुणा मनी करणार, पेन तिच्याकडे. आज एकोणतिसाला जरा पाणी प्यायला थांबलो.
पुन्हा.